एसडीएमसीवर गावच्या संध्याकाळच्या वर्गांची सक्ती : खर्च किती, आणि तो कुणी उचलायचा?

मलप्रभाकाठ (प्रश्न; पुढची नावं उत्तर देणाऱ्यांची)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली एक ग्रामपंचायत. हद्दीत चार सरकारी प्राथमिक शाळा, तीन मराठी आणि एक कन्नड. येत्या ग्रामसभेत ठराव येतोय की प्रत्येक शाळेच्या एसडीएमसीने (शाळा विकास आणि देखरेख समितीने) आठवड्यातून तीन संध्याकाळी गावकऱ्यांसाठी वर्ग चालवलेच पाहिजेत. साक्षरता, कामापुरतं कन्नड लिहिणं-वाचणं, मोबाइलवरून अर्ज भरणं आणि बायकांसाठी शिवण. ठरावाच्या मसुद्यात एक वाक्य आहे : "इमारत आहे, मास्तर आहेत, त्यामुळे वेगळा खर्च नाही."

कल्पनेला विरोध नाही. पण वेगळा खर्च नाही हे काही पटत नाही, आणि सभेत नुसतं "पटत नाही" म्हणून भागत नाही. एका शाळेची स्थिती सांगतो : पट ४६, शिक्षक दोन, खोल्या तीन (त्यातली एक नली-कलीची, म्हणजे लहान इयत्तांच्या कृतीतून शिकण्याच्या वर्गाची), संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,०००. बाकी तीन शाळा साधारण अशाच.

तर एका शाळेला वर्षाचा खरा खर्च किती येईल? शिक्षकांना संध्याकाळी बसायला लावता येतं का? शाळेच्या अनुदानातून हा खर्च टाकला तर ऑडिटला चालतो का? आणि मराठी माणसाला साक्षर करायचं ते मराठीत की कन्नडमध्ये? यावर सभेत सगळ्यात जास्त आवाज होणार हे उघड आहे.

वहीखाते

आधी तास मोजा, मग रुपये. केंद्राच्या उल्लास योजनेत प्रौढाच्या पायाभूत साक्षरतेसाठी साधारण २०० तास धरलेत. एका संध्याकाळी दोन तास, म्हणजे १०० संध्याकाळी. आठवड्याला तीन म्हटल्या तर ३३-३४ आठवडे. ठरावात "वर्षभर" लिहिलं असेल तर तो शब्द आधी काढून १०० संध्याकाळी असं लिहा, नाहीतर हिशेबच बसणार नाही.

आता एका केंद्राचा चालू खर्च. २५ जण धरले आहेत. दर आपल्या भागात साधारण चालतात तसे धरलेत, तुमच्याकडे वेगळे असतील तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

शिकवणाऱ्याचं मानधन : २०० तास, तासाला १५० प्रमाणे ३०,०००.
शाळा उघडणं, झाडणं, पाणी भरणं, कुलूप लावणं : १०० संध्याकाळी, १५० प्रमाणे १५,०००.
हजेरी, नोंदणी, हिशेब, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कचेरीच्या फेऱ्या : महिना १,००० प्रमाणे १० महिने, १०,०००.
वह्या, पेन्सिली, प्रवेशिकेच्या (पहिल्या वाचनपुस्तकाच्या) छापील प्रती : माणशी २००, म्हणजे ५,०००.
जवळचे चष्मे : १२ नग, १५० प्रमाणे १,८००.
फिनेल, झाडू, खडू, किरकोळ : महिना ३०० प्रमाणे ३,०००.
वीज : ५००.

बेरीज ६५,३००.

विजेचा आकडा बघून हसू नका. लोक सगळ्यात जास्त भितात ते बिलाला आणि खरा खर्च तिथे नसतोच. २० वॅटच्या चार एलईडी पट्ट्या आणि ७५ वॅटचे दोन पंखे मिळून २३० वॅट. दोन तास, १०० संध्याकाळी : ४६ युनिट. त्यातही १ नोव्हेंबर २०२३ ला (कर्नाटक राज्योत्सव; बेळगावकरांना ही तारीख वेगळी सांगायला नको) कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी सरकारी शाळांना वीज-पाणी मोफत जाहीर केलंय. संस्थेच्या अनुदानित शाळेत वर्ग घ्यायचे तर मात्र हे पाचशे धरावेच लागतील.

चष्म्याची ओळ कुणीही अंदाजपत्रकात टाकत नाही आणि निम्मा वर्ग तिथेच गळतो. चाळिशी ओलांडलेल्या बाईला प्रवेशिकेतलं बारीक अक्षर दिसत नाही, ती "मला जमत नाही" म्हणते आणि चौथ्या दिवसापासून येत नाही. पहिल्या आठवड्यात एक छापील ओळ हातभर अंतरावर धरून सगळ्यांना दाखवायची. अक्षर लावता येवो न येवो, रेघा ठळक दिसतात की पुसट एवढंच विचारायचं. +१.५ ते +२.५ नंबरचे तयार चष्मे बहुतेकांना पुरतात. ज्यांना त्यानेही दिसत नाही त्यांना सरकारी दवाखान्यात नेत्रतपासणीला पाठवायचं.

एकदाचा खर्च वेगळा. दोन सतरंज्या ३,०००. गुडघे धरलेल्यांसाठी सहा प्लास्टिक खुर्च्या ३,६००. मुलांच्या बाकात मोठा माणूस मावत नाही आणि बसला तर बाक मोडतो, म्हणून हे टाळू नका. पट्ट्या, बाहेरच्या आवारात एक दिवा आणि वायरिंग मिळून ३,०००. इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी, २२,०००. एकूण ३१,६००. पाच वर्षांत विभागलं तर वर्षाला ६,३२०.

म्हणजे एका केंद्राला वर्षाला ७१,६२०. चार शाळांना २,८६,४८०.

आता हे २५,००० च्या शेजारी ठेवा. त्या अनुदानातले १० टक्के स्वच्छतेसाठी राखायचे असतात, उरले २२,५००. खडू, दुरुस्ती, रंग, मुलांचं साहित्य, सगळं त्यातच. वर्गांचा खर्च त्याच्या तिपटीहून जास्त आहे. "वेगळा खर्च नाही" याचा अर्थ एवढाच की खर्च आहे, पण तो कुणाच्या वहीत लिहायचा नाही.

आणखी एक भागाकार करून ठेवा. २५ जण बसले आणि २५ पुरे झाले तर माणशी २,८६५ रुपये. १२ च पुरे झाले तर माणशी ५,९६८. खर्च तेवढाच राहतो, कारण दिवा आणि मास्तर १२ जणांसाठीही तेवढाच लागतो. त्यामुळे गळती थांबवण्यावर खर्च केलेला रुपया सगळ्यात स्वस्त पडतो.

इन्व्हर्टरबद्दल दोन गोष्टी, कारण पैसे वाया जातात ते इथेच. जोडणी फक्त संध्याकाळच्या खोलीला द्या. सगळ्या शाळेला दिली तर दिवसा लाईट गेली की पंखे बॅटरी पिऊन टाकतात आणि सात वाजता अंधार. दुसरं, सुट्टीत शाळा बंद म्हणून मेन स्विच पाडून ठेवतात. बॅटरी उतरून पडून राहिली की तिच्या आतल्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर धरतो आणि पाच वर्षांची बॅटरी दोनातच जाते. महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज आणि दोन-तीन महिन्यांतून डिस्टिल्ड पाणी, हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा.

कलम सत्तावीस

वहीखातेंचा हिशेब बरोबर आहे. कायद्याची बाजू मी मांडतो.

शिक्षकांबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम २७ प्रमाणे शिक्षकाला शिक्षणेतर कामाला लावता येत नाही. दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद. "प्रौढ वर्ग हेही शिक्षणच की" असा युक्तिवाद सभेत होणार. पण त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा तयारीसकट किमान ४५ तासांचा धरलाय. त्यावर सहा तास चढवायचे तर ते खात्याच्या आदेशाने, ग्रामसभेच्या ठरावाने नव्हे. स्वतःहून कुणी बसत असेल तर चांगलंच, फक्त त्याची लेखी संमती घ्या आणि सीआरपीला (खात्याच्या समूह साधन व्यक्तीला) कळवून ठेवा. दोनच शिक्षकांच्या शाळेत हा आग्रह धरू नये असं माझं मत. ज्याचा दिवस दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळण्यात गेला तो संध्याकाळी काय शिकवणार?

एसडीएमसीबद्दल. समितीत किमान तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कलम २१ आणि २२ खाली तिचं काम शाळेवर देखरेख, शाळेचा विकास आराखडा आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष. गावाला शिकवणं तिच्या कामात नाही. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत मात्र पंचायतीच्या विषयांत "प्रौढ आणि अनौपचारिक शिक्षण" १९ व्या क्रमांकावर आहे आणि ग्रंथालयं २० व्या. कर्नाटक पंचायत राज कायद्याच्या (१९९३) पहिल्या अनुसूचीतही ग्रामपंचायतीच्या कामांत प्रौढ साक्षरता येते. म्हणजे काम मुळात पंचायतीचं. ते शाळेकडे द्यायचं असेल तर पैशासकट द्या, एवढा मुद्दा पीडीओंपुढे (पंचायत विकास अधिकाऱ्यांपुढे) शांतपणे ठेवलात तरी निम्मी सभा जिंकली.

अनुदानाबद्दल. संयुक्त शाळा अनुदान हे शाळेसाठी. त्यातून प्रौढ वर्गाच्या शिक्षकाला मानधन दिलं की लेखापरीक्षणात आक्षेप ठरलेला, आणि वसुली हेडमास्तरांच्या नावावर निघते, ठराव करणाऱ्यांच्या नाही. अक्षर दासोहाच्या (शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या) तांदूळ-गॅसला तर हातच लावायचा नाही. प्रौढांच्या वर्गाला चहा केला तरी सिलिंडर वेगळा.

मग पैसा कुठला? पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न (घरपट्टी, गाळाभाडं, बाजारकर) हाच सरळ मार्ग. घरपट्टीवर ६ टक्के ग्रंथालय कर असतो. पाच लाख वसुली असेल तर ३०,००० होतात, पण ते ग्रंथालयासाठीच, त्यातून वाचनसाहित्य भागेल, मानधन नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेले आणि ४० टक्के मोकळे होते, पण त्या मोकळ्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नव्हता. वित्त आयोगाच्या निधीतून मानधन देऊ असं कुणी म्हणालं तर नियम पुढे करायला सांगा.

हद्दीत संस्थेची अनुदानित मराठी शाळा असेल तर, अल्पसंख्याक दर्जा असो वा नसो, २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिथली समिती फक्त सल्ला देणारी आहे. तिच्यावर सक्तीचा ठराव करून काही उपयोग नाही, संस्थेच्या चालकांशीच बोलावं लागेल.

वेदगंगा

वर्ग कोलमडतात ते पैशाआधी वेळेवर. आपल्या भागाचं वर्ष घड्याळाप्रमाणे चालत नाही, शेताप्रमाणे चालतं. खानापुरात जून-जुलै म्हणजे पाऊस आणि रोप लागण; जांबोटी-कणकुंबीकडे त्या दिवसांत संध्याकाळी कुणी घराबाहेर पडत नाही आणि कौलारू शाळेत बसायला कोरडी जागा नसते. नोव्हेंबरला सुगी. निपाणी-चिक्कोडीकडे ऊसतोड लागली की घरचा गडी रात्रीच येतो. विड्या वळणाऱ्या बाईचे तर दोन तास म्हणजे सरळ बुडालेली मजुरी, कारण तिचा हिशेब हजारी विड्यांवर असतो. तिच्यासाठी वर्ग "फुकट" नाहीच.

खानापूरसाठी बसणारं वेळापत्रक असं : डिसेंबर मध्यापासून एप्रिल अखेर साधारण १९ आठवडे, त्यातला एक यात्रेला सोडा, १८ आठवडे गुणिले तीन म्हणजे ५४. मेमध्ये शाळेला सुट्टी असते, खोल्या रिकाम्या. आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे, २०. ऑगस्टच्या २० तारखेनंतर ऑक्टोबर अखेरपर्यंत दहा आठवडे, गणपती आणि दसरा वजा केला तर आठ, म्हणजे २४. बेरीज ९८. दोन इकडे-तिकडे भरून काढा. फक्त मेमध्ये किल्ली कुणाकडे हे एप्रिलमध्येच कागदावर आणा. हेडमास्तर सुट्टीला गावी, किल्ली त्यांच्या पिशवीत आणि २५ माणसं पायरीवर, असं झालं की दुसऱ्या दिवशी दहाच येतात.

खोलीबद्दल : नली-कलीची खोली देऊ नका. तिथली कार्डं, दोऱ्यांवर लावलेली मुलांची कामं, शिकण्याची शिडी, सगळं मुलांच्या हाताच्या उंचीवर असतं. मोठी माणसं टेकून बसली, सोबत आलेल्या पोरांनी कार्डं ओढली की सकाळी बाईंचा अर्धा तास ती जुळवण्यात जातो, आणि एक कार्ड हरवलं तरी शिडीची एक पायरी तुटते. वरच्या इयत्तेची खोली घ्या, फळ्याचा उजवा तिसरा हिस्सा प्रौढ वर्गाचा म्हणून खडूने रेघ मारून ठेवा. क्षुल्लक वाटेल, पण शिक्षक आणि संध्याकाळचा वर्ग यांच्यातली निम्मी भांडणं "माझा फळा पुसला" इथून सुरू होतात.

आता भाषा. ज्याला कुठलीच लिपी येत नाही त्याला आधी त्याच्या बोलीची भाषा. मराठी बोलणाऱ्याला मराठीत, कन्नड बोलणाऱ्याला कन्नडमध्ये. यात राजकारण नाही, शिकण्याचा साधा नियम आहे : ओळखीचा शब्द असेल तर अक्षर लवकर चिकटतं. उल्लासची परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. ती कुठल्या भाषेत द्यायची हे नोंदणीच्या वेळीच लिहून घ्या. नोंदणी करणारा सवयीने कन्नड टाकतो आणि परीक्षेच्या दिवशी मराठीत शिकलेली बाई कन्नड कागदापुढे बसते.

पण ज्यांना मराठी वाचता येतं त्यांची खरी गरज कन्नड लिपीची आहे, आणि तो वर्ग वेगळा, छोटा आणि स्वस्त होतो. २०० तास नकोत, ४० पुरतात. मुळाक्षरांचा क्रम दोन्हीकडे सारखाच, क-ख-ग पासून ह-ळ पर्यंत. अडतं दोन ठिकाणी. एक, कन्नडमध्ये ऱ्हस्व ऎ-ऒ आणि दीर्घ ए-ओ अशी वेगळी अक्षरं आहेत, मराठी कानाला तो फरक पटकन कळत नाही. दुसरं, जोडाक्षर. मराठीत अर्धं अक्षर आधी येतं. कन्नडमध्ये पहिलं अक्षर पूर्ण आणि दुसरं त्याच्या पायाशी लोंबतं, त्याला ओत्तक्षर म्हणतात. त्यासाठी चार संध्याकाळी वेगळ्या ठेवा.

पाठ्यपुस्तक नको. हेस्कॉमचं वीजबिल, पहाणी (जमिनीचा उतारा), रेशनकार्ड आणि बसची पाटी आणा. पहाणीवर हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, गंड म्हणजे नवरा, विस्तीर्ण म्हणजे क्षेत्र. बिलावर मोत्त शोधायला शिकवा, म्हणजे रक्कम. आपल्याच जमिनीचे एकर-गुंठे स्वतः वाचता आले (४० गुंठ्यांचा एकर) की माणूस पुढच्या संध्याकाळी शेजाऱ्याला घेऊन येतो. झेरॉक्स काढताना मात्र दुसऱ्याची पहाणी वर्गात फिरवू नका. प्रत्येकाची त्याच्या हातात. बांधाची भांडणं वर्गात आली की वर्ग संपला म्हणून समजा.

पाटी-पेन्सिल

सगळे खर्चाचं बोलताय, पण सक्ती नसली की काय होतं तेही बघा की. साक्षर भारत योजनेत पंचायतीला एक लोकशिक्षण केंद्र होतं, दोन प्रेरक, महिना २,००० प्रत्येकी. मार्च २०१८ ला योजना थांबली आणि मानधन थांबलं. आता उल्लासमध्ये शिकवणारा स्वयंसेवक, मानधन नाही. २०२२ ते २०२७ साठी १,०३७.९० कोटींची तरतूद आणि पाच वर्षांत पाच कोटी लोक हे लक्ष्य. भागाकार करा : माणशी २०८ रुपयेही होत नाहीत. वरचा माणशी २,८६५ चा आकडा खरा असेल तर बाकीचे पैसे कुणीतरी स्वतःच्या वेळेतून भरतंय असाच अर्थ होतो. सक्ती नसेल तर हे "कुणीतरी" सापडतच नाही.

आणि गावाने मनावर घेतलं तर कमी पैशात होतं हेही खोटं नाही. १९५९ ला साताऱ्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली ती गावच्या श्रमावरच, चार-चार महिन्यांच्या वर्गांवर, आणि पुढे राज्यभर गेली. म्हणून ठराव फेटाळू नका.

वहीखाते

बरोबर, पण त्याच मोहिमेने हेही दाखवलं की चार महिन्यांत अक्षर येतं आणि वाचायला काही नसलं की तितक्याच वेगाने जातं. म्हणजे फुकट स्वयंसेवक धरला तरी नंतरच्या वाचनाचा खर्च उरतोच. ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात (आता अरिवु केंद्र) मोठ्या टायपातली मराठी पुस्तकं आणि एक मराठी दैनिक चालू करायला सांगा. ग्रंथालय कराचा पैसा नेमका तिथे बसतो.

स्वयंसेवकाबद्दल म्हणाल तर त्याला तासाचे पैसे नका देऊ हवं तर, पण पेट्रोल, मोबाइल रिचार्ज आणि तो आजारी पडला तर बदली माणूस एवढं तरी धरा. स्वयंसेवकाचे वर्ग बंद पडतात ते बहुधा सहाव्या-सातव्या आठवड्यात, एकटा माणूस सलग तीन दिवस आला नाही की. दोघांची जोडी नेमली तर हा धोका निम्म्याहून कमी होतो.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी राहिल्या. शिवणवर्गाचा खर्च वरच्या हिशेबात नाही ना? आणि चारऐवजी दोनच केंद्रं केली तर?

वहीखाते

शिवण मुद्दाम बाहेर ठेवलं, कारण तो वेगळाच प्राणी आहे. पाच पायमशीन ८,००० प्रमाणे ४०,०००, शिकवणारी बाई वेगळी, कापड-दोरा वेगळा आणि कुलपाचं कपाट वेगळं. १५ जणींना पाच मशीन म्हणजे दोन तासांत प्रत्येकीच्या वाट्याला ४० मिनिटं. पहिले दोन आठवडे मशीन नकोच, जुन्या वर्तमानपत्रावर माप आणि कटिंग. त्यात कापड वाया जायचं वाचतं. छताची पट्टी सुईसाठी पुरत नाही, प्रत्येक मशीनला खाली ५-७ वॅटचा दिवा लागतो. पावसाळ्यात बंद खोलीत मशीन गंजतात : जून लागायच्या आधी तेलाचं बोट फिरवून, चामड्याचा पट्टा उतरवून, झाकून ठेवायचं. पट्टा तसाच ताणून ठेवला की सैल पडतो आणि मशीन चालत नाही म्हणून "बिघडलं" असा शेरा बसतो. पहिल्या वर्षी शिवण घेऊ नका. साक्षरता आणि कन्नड लिपीचे वर्ग उभे राहिले की दुसऱ्या वर्षी.

मोबाइलच्या वर्गाला वेगळं काही लागत नाही, रेंज असली म्हणजे झालं. खानापूरच्या जंगलपट्टीत ती आधी त्या खोलीत उभं राहून बघा, वाटेवर नव्हे. एक नियम फळ्यावर कायम : ओटीपी आणि पिन शिकवणाऱ्यालाही सांगायचा नाही.

दोन केंद्रांचा हिशेब : ७१,६२० दुप्पट म्हणजे १,४३,२४०, त्यातून हजेरी-हिशेबाचा माणूस दोन्हींना एकच धरला तर १०,००० वाचतात, राहिले १,३३,२४०. पण पैसे वाचतात म्हणून लगेच दोन करू नका. वाडी आणि केंद्रामधली वाट अंधारी असेल, मध्ये ओढा असेल तर बायका येणार नाहीत आणि माणशी खर्च पुन्हा वर जाईल. वाड्यांची अंतरं कागदावर काढा. चालत १५ मिनिटांच्या आत जे केंद्र येतं तेच त्यांचं.

कलम सत्तावीस

पाटी-पेन्सिलांचा मुद्दा घेऊन ठराव फेटाळण्याऐवजी दुरुस्ती मांडा. सक्ती कशाची हे बदलायचं. एसडीएमसीवर वर्ग "चालवण्याची" सक्ती नको. खोली "देण्याची" ठेवा. मसुदा असा करता येईल :

"ग्रामपंचायत हद्दीतील प्रौढ वर्ग ग्रामपंचायत चालवील व त्याचा चालू खर्च स्वतःच्या उत्पन्नातून अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली धरील. किमान १५ नावांची लेखी नोंद झाल्यावर संबंधित एसडीएमसी खात्याच्या परवानगीने शाळेची एक खोली वर्षात १०० संध्याकाळपर्यंत उपलब्ध करून देईल. शाळेच्या कोणत्याही अनुदानातून खर्च केला जाणार नाही. शिक्षकांचा सहभाग ऐच्छिक राहील. मोडतोड झाल्यास ३० दिवसांत पंचायत भरपाई करील. शिक्षणाची भाषा शिकणाऱ्याने नोंदणीच्या वेळी निवडावी."

खात्याची परवानगी म्हणजे बीईओंचं पत्र. अर्ज हेडमास्तरांमार्फतच जाऊ द्या, थेट नेलात तर तो त्यांच्या शेऱ्यासाठी परत येतो आणि महिना जातो. अर्जासोबत तीन कागद : ठरावाची प्रत, नोंदलेल्या १५ जणांची यादी आणि किल्लीची जबाबदारी घेणाऱ्याचं नाव-सहीचं हमीपत्र. तिसरा कागद नसला की फाइल तशीच पडून राहते.

ठराव कन्नडमध्ये लिहिला जाईल. इतिवृत्तात "ऐच्छिक" आणि "स्वतःच्या उत्पन्नातून" हे दोन्ही शब्द आलेत की नाही, ते सही करण्याआधी वाचून घ्या.

मलप्रभाकाठ

मसुदा उतरवून घेतला. हेडमास्तरांना उद्याच दाखवतो, आणि १५ नावांची वही सभेच्या आधी वाड्यावाड्यांत फिरवतो.

वेदगंगा

वहीत नावापुढे दोन रकाने वाढवा : मराठी वाचता येतं का, आणि कितीला मोकळे होता. सातची वेळ सभेत ठरवू नका, दुसरा रकाना भरला की तीच सांगेल.